एकविसाव्या रोज्याच्या आठ पिशव्या

रास घारिबमध्ये कुणालाही विचारा, बशंदीच्या पिशव्या खोटं बोलत नाहीत असंच सांगतील. बशंदी म्हणजे मी, आणि आठ पिशव्या बोलतात खोटं. चौदावी रांग, खालून दुसरी फळी, खिडकीची बाजू. या शेडचा राखणदार होऊन मला पंधरा वर्षं झाली, तेवढ्या काळात ती फळी मी इतर सगळ्या फळ्यांहून जास्त वेळा पुसली असेन.

सुएझच्या आखातात कंपनीने खोदलेल्या प्रत्येक तेलविहिरीचा चुरा या शेडमध्ये आहे. कापडी पिशव्या, प्रत्येकीवर विहिरीचा नंबर आणि खोली, काळ्या शाईने. शेडमध्ये येण्याआधी मी समुद्रातल्या खोदकामाच्या रिगवर होतो आणि याच पिशव्या भरत होतो. काम हमालाचं, पण मला त्याचा गर्व होता. विहीर खोदताना खाली चिखल सोडतात, तो कापलेल्या खडकाचा चुरा घेऊन वर येतो आणि हलत्या चाळणीवर पडतो. चिखल खाली गळतो, चुरा घरंगळत समुद्रात जातो. तो समुद्रात पडायच्या आत दर दोन मीटरला त्यातला पसाभर उचलायचा, धुवायचा, पिशवीत भरायचा. दोन हजार मीटरवरून वर यायला चुऱ्याला पन्नास मिनिटं लागतात. म्हणजे आत्ता चाळणीवर जे दिसतं, ते खाली पन्नास मिनिटांपूर्वी कापलेलं असतं. एवढी वजाबाकी आली की हे काम आलं.

जानेवारीत युमना आली. मन्सूरा शहरातली मुलगी, वयाने माझ्या धाकटीएवढी, पण भूवैज्ञानिक, त्यामुळे मी तिला बाशमुहंदिसा, म्हणजे इंजिनीअरबाई, म्हणायचो आणि ती मला अम्म बशंदी, म्हणजे बशंदीकाका. आमच्या जुन्या विहिरी आता नव्या कंपनीकडे गेल्या होत्या. चौदाव्या रांगेत जिच्या पिशव्या आहेत त्या विहिरीशेजारी एक जुना प्लॅटफॉर्म अजून उभा आहे. तिथे खाली तेल धरणारी वाळू असेल तर तिथूनच पुन्हा खोदायचं, नसेल तर प्लॅटफॉर्म कापून न्यायचा. गुरुवारपर्यंत युमनाला तसं लिहून द्यायचं होतं.

तिने येतानाच बिस्किटांचा पुडा आणला होता. मी नको म्हटलं.

"रोजा आहे," मी म्हणालो.

"जानेवारीत?"

"जुना हिशेब आहे. दरवर्षी तीन दिवस."

"आणि नेमका थंडीतच?"

"दिवस लहान असतो ना," मी म्हणालो, आणि ती हसली. विनोद म्हणून हसली. पण ते खरंच होतं. शिक्षासुद्धा मी स्वस्तातली बघून घेतली होती.

सकाळभर ती सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली. मी पिशव्या आणून देत होतो, उचलून नेत होतो. तो सोमवार होता. दुपारी ती खिडकीच्या बाजूच्या त्या आठांवर आली. एक उघडली, दुसरी उघडली. मी झाडू घेऊन तीनदा झाडलेली जमीन चौथ्यांदा झाडायला लागलो.

"गंमतच आहे," ती म्हणाली. "आठही पिशव्या जुळ्या बहिणींसारख्या. तोच करडा मातकट खडक, आणि आठहींत तेच निळ्या रंगाचे टवके. तेवढेच, तसलेच. वरच्या पिशवीत नाहीत, खालच्या पिशवीत नाहीत."

"पंपाचा रंग निळा होता," मी म्हणालो.

"असेल. उडाला असेल." तिने वहीत काहीतरी लिहिलं. "खरं सांगू? दुसऱ्या कुणाच्या पिशव्या असत्या ना, तर मी सरळ म्हटलं असतं, एकाच खेपेच्या चुऱ्यातून आठ भरल्या आणि गडी जेवायला गेला. पण या तुमच्या आहेत."

मी झाडू भिंतीला टेकवला. तो पडला. पुन्हा टेकवला. तिचं लक्षही नव्हतं. तिने वहीत त्या आठ खोल्यांपुढे एक लांब रेघ ओढली आणि लिहिलं: वाळू नाही.

आता ते नव्वद साल सांगतो.

रमजानचा एकविसावा रोजा होता. रिगवर आमचे भूवैज्ञानिक होते हिल्मी, आम्ही त्यांना उस्ताज, म्हणजे सर, म्हणायचो, पस्तिशीचे, सुएझचे, बारीक, सतत पेन्सिल कानावर. साडेपाचच्या सुमाराला खोदण्याचा वेग एकदम दुप्पट झाला, खाली सैल काही लागलं की होतो तसा. उस्ताज चाळणीपाशी आले आणि म्हणाले, "बशंदी, सव्वासहानंतर डोळे उघडे ठेव. काहीतरी येईल."

त्या महिन्यात त्यांनी हे दहादा तरी म्हटलं होतं आणि दहादा करडी मातीच आली होती. आणि वेग वाढला याचा मला कळलेला अर्थ वेगळाच होता. वेग वाढला म्हणजे कमी वेळात जास्त पिशव्या, म्हणजे इफ्तार चाळणीवरच, उभ्या उभ्या, चिखलाच्या हातांनी. स्वयंपाकी कनाचा होता, माझ्या मुलखाचा. त्याने त्या दिवशी भरलेली कबुतरं केली होती. दुपारी तीनपासून त्याचा वास शिडी चढून माझ्यापर्यंत येत होता. सहा वाजता चाळणीवर जी करडी होती ती मी भरपूर धुऊन घेतली आणि आठ पिशव्यांत वाटली. खोल्या आधीच लिहून ठेवल्या होत्या, सुंदर अक्षरात. अजान झाली आणि मी खाली गेलो. दोन कबुतरं खाल्ली, जर्दाळूचं सरबत प्यालो, नमाज पढलो, एक सिगारेट ओढली. चाळणी चालू होती. तिला बघायला कुणी नव्हतं.

तेवढ्यात वर वायू मोजणाऱ्या यंत्राचा पेन कागदाच्या टोकापर्यंत गेला. वायू वाढला की भूवैज्ञानिकाने ड्रिलरशेजारी उभं राहायचं असतं, विहीर उसळेल म्हणून. उस्ताज तिकडे धावले आणि सगळं शांत होईपर्यंत हलले नाहीत. सात वाजता माझ्याकडे आले. मी पाचच मिनिटांपूर्वी परत आलो होतो. चाळणीवर करडी होती.

"काय आलं?"

"करडी."

"सगळी? नीट बघितलंस?"

आठ पिशव्या ओळीने ठेवलेल्या होत्या. मी अल्लाची शपथ घेतली, "वल्लाही, उस्ताज. या हातांनी धुतली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि गेले. त्यांनी विश्वास ठेवला. एवढं साधं होतं ते.

मग मी चाळणी धुवायला घेतली. कडेच्या रबरी पट्टीखाली बोटं घातली तर मूठभर वाळू निघाली. तपकिरी, ओलसर, आणि वास असा की कुणालाही सांगावं लागलं नसतं. उस्ताज अजून जिन्यावर होते. वीस पावलं. मी हाक मारली नाही. चहाचा एक रिकामा डबा होता, त्यात ती वाळू घातली आणि झाकण दाबून लावलं.

नंतरचं मी रोज बघत होतो. विहिरीत तारेने यंत्र सोडून भिंती तपासतात, पण ते यंत्र वरच ढासळलेल्या दगडांवर अडकलं, आणि तीन दिवसांनी कंपनीचे साहेब म्हणाले बस्स. मग राहिल्या माझ्या पिशव्या. उस्ताज म्हणत होते खाली सोळा मीटर वाळू आहे, वेग बघा, वायू बघा. साहेब म्हणत होते, वाळू आहे तर दाखव. विहीर सिमेंटने बुजवली. उस्ताजना 'वाळूवाला हिल्मी' असं नाव पडलं. एका सकाळी कुणीतरी त्यांच्या दाराशी किनाऱ्यावरच्या वाळूने भरलेली बादली ठेवली, वर पोरांचं खेळण्यातलं फावडं. सगळे हसले. मीही हसलो, आणि मला वाटतं सगळ्यांत मोठ्याने. वर्षभरात ते नोकरी सोडून गेले. सुएझला शाळेत भूगोल शिकवतात असं पुढे ऐकलं.

मशिदीतल्या शेखना मी एकदा विचारलं होतं, खोटी शपथ घेतली तर काय करायचं. ते म्हणाले, दहा गरिबांना जेवू घाल, नाही जमलं तर तीन रोजे. शपथेने कुणाचं वाटोळं झालं का, असं त्यांनी विचारलंच नाही, आणि मीही सांगितलं नाही. अर्धी गोष्ट सांगितली, अर्धा सल्ला मिळाला. तेव्हापासून दरवर्षी तीन रोजे.

तर त्या सोमवारी मी घरी गेलो. नबवीयाने, म्हणजे माझ्या बायकोने, रोजा सोडायला मसूरचं सूप ठेवलं. मी चमचा हातात धरून बसलो.

"अबू दाहिर," ती म्हणाली. थोरल्याच्या नावाने हाक मारते ती मला. "सूप गार करून प्यायची नवी पद्धत निघालीय का?"

मी तिला सगळं सांगितलं. लग्नाला चौतीस वर्षं झाली, हे सांगितलं नव्हतं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे बाई नव्हती?"

"कुठली बाई?"

"दरवर्षी तीन दिवस थंडीत तोंड पाडून रोजे धरता. मला वाटायचं तरुणपणी सुएझला कुणीतरी असेल, तीन दिवसांची. मी तर तिला कधीच माफ करून टाकलं होतं." तिने पदरासारखी ओढणी डोक्यावर ओढली आणि तिचा आवाज बदलला. "बाई असती तर बरं झालं असतं. त्या उस्ताजला मी काय सांगणार? त्याची बायको असेल, मुलं असतील. वर्षानुवर्षं त्याला लोकांनी खुळ्यात काढलं."

"पुढच्या वर्षी मी निवृत्त होतोय, नबवीया."

"मग? निवृत्तीच्या दिवशी हार घालतील, भाषणात म्हणतील बशंदीच्या पिशव्या खोटं बोलत नाहीत, आणि तुम्ही तिथे उभे राहणार? मला नका बोलावू त्या दिवशी."

मंगळवारी सकाळी युमना यायच्या आधी मी रंगाच्या डब्यांमागून तो चहाचा डबा काढला. एवढ्या मोठ्या शेडमध्ये नाव-नंबर नसलेली तेवढी एकच वस्तू होती. ती आली तेव्हा तो तिच्या टेबलावर होता.

"हे काय, आज चहा?"

"वाळू," मी म्हणालो. "त्या आठ पिशव्यांत असायला हवी होती ती."

मी सुरुवातीपासून सगळं सांगितलं. मग तिने उठून खिडकीचे पडदे ओढले, जांभळा दिवा लावला आणि चिमूटभर वाळू त्याखाली धरली. फिकट, पण चमकली. तिने द्रावणाचा एक थेंब टाकला. दाण्यांतून दुधाळ पिवळा ओघळ सुटला आणि बशीत पसरला. एकतीस वर्षं डब्यात कोंडलेलं तेल.

"या अल्लाह," ती पुटपुटली. मग दिवा बंद केला आणि माझ्याकडे वळली तेव्हा तिचा चेहरा कडक होता. "पण ही कुठली आहे, अम्म बशंदी? डब्यावर विहीर नाही, खोली नाही. कुठल्याही विहिरीची असू शकते. वरिष्ठांना मी काय सांगू?"

"मी शपथ घेऊन सांगतो..."

"शपथ नको," ती म्हणाली. "शपथेवरच तर आपण इथवर आलोय."

थप्पड बरी असते, तिची आग जरा वेळाने जाते.

ती येरझारा घालायला लागली. "तुम्ही चाळणीवरून नक्की किती वाजता गेलात?"

"घड्याळ बघितलं नव्हतं. अजान झाली आणि गेलो."

ती थांबली. "मगरीबची अजान. एकविसावा रोजा, नव्वद साल." तिने खुर्ची ओढली आणि संगणक उघडला. "कुठे होती रिग? थांबा, ते माहीत आहे मला." थोड्या वेळाने म्हणाली, "सूर्य बुडाला सहा वाजून चौदा मिनिटांनी. परत कधी आलात?"

"सातला पाच कमी. उस्ताज सातला आले."

"पन्नास मिनिटं वजा करा."

वजाबाकी मला येते. मी नव्हतो तेव्हा वर आलेलं सगळं पाच चोवीस ते सहा पाचमध्ये कापलेलं. तिने खोक्यातून खोदकामाची जुनी कागदी पट्टी काढली आणि टेबलभर पसरली. पाच पंचवीसला वेगाची रेघ उसळली होती, सहा चारला पुन्हा खाली आली होती. एकवीसशे चाळीस मीटर ते एकवीसशे छप्पन्न. मग वायूची पट्टी काढली. पेन ज्या वेळात टोकाला होता ती तीच वेळ, पन्नास मिनिटं पुढे सरकवून. जेवायला कधी गेलो हे उपाशी माणूस विसरत नाही, आणि सूर्य तर कुणाच्या सोयीने बुडत नाही. ज्या जेवणापायी ती वाळू गेली, त्याच जेवणाने तिला खोली मिळवून दिली.

युमनाने पट्टीच्या कडेवर बोट ठेवलं. तिथे पेन्सिलीने उस्ताजांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'वाळू? बशंदीला विचारले. करडी म्हणाला.'

मी बाहेर जाऊन उन्हात उभा राहिलो. रडलो म्हणायला हरकत नाही.

परत आलो तेव्हा ती लिहीत होती. "वाळू आहे, असं जाईल आता. उस्ताज हिल्मींचं नावही अहवालात येईल, त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं म्हणून." मान वर न करता म्हणाली, "आणि तुमच्या बाकीच्या पिशव्या मला आता एकेक करून तपासाव्या लागतील. सगळ्या."

"बाकीच्या खऱ्या आहेत, बाशमुहंदिसा."

"असतील," ती म्हणाली.

बुधवारी, तिसऱ्या रोज्याला, मी पहाटेची गाडी पकडून सुएझला गेलो. बरोबर डबा, एक कोरी कापडी पिशवी आणि शाईचा पेन. उस्ताज तिसऱ्या मजल्यावर एकटे राहत होते, बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली. त्यांनी दार उघडलं आणि मला लगेच ओळखलं.

"बशंदी! चाळणीवरचा राजा! ये, ये, बस. चहा टाकतो."

"रोजा आहे, उस्ताज."

"आत्ता? बरं. तरी बस."

मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं, शेवटपर्यंत. कबुतरं सांगितली. वीस पावलं सांगितली. बादलीला हसलो होतो तेही सांगितलं. ते खिडकीतून कालव्याकडे बघत होते. एक लांबलचक जहाज चाललं होतं, ते पूर्ण गेल्यावर उस्ताज माझ्याकडे वळले.

"तुला माहितीय मी पोरांना काय शिकवलं?" ते म्हणाले. "अठ्ठावीस वर्षं, प्रत्येक वर्गाला. मी सांगायचो, एकदा एका माणसाला जिथे नव्हती तिथे वाळू दिसली. त्याला ती हवी होती म्हणून दिसली. तेव्हा मुलांनो, स्वतःच्या डोक्यावर फार भरवसा ठेवू नका. हातात जे आहे तेवढंच खरं माना." ते हसले, पण ते हसू बघवत नव्हतं. "मलाच पटलं होतं रे. मी चुकलो हे मला पटलं होतं."

नोकरी गेली, नाव गेलं, हे मला ठाऊक होतं. त्यासाठी मी रोजे धरले होते. पण त्या माणसाच्या डोक्यातला त्याचा स्वतःवरचा विश्वास मी नेला, हे माझ्या गावीच नव्हतं.

"दाखव," ते म्हणाले.

मी डबा दिला. त्यांनी कपाटाच्या खणातून भिंग काढलं, पदकासारखं दोरीला बांधलेलं, आणि वाळू तळहातावर घेऊन उजेडात गेले.

"लिही," ते म्हणाले.

मी खाली बसून पिशवी गुडघ्यावर पसरली.

"वाळू. मध्यम दाणा, गोलसर, सैल." त्यांचा आवाज रिगवरच्यासारखा झाला, कोरडा, भरभर. "तेलाचा डाग. वास आहे अजून. खोली?"

"एकवीसशे चाळीस ते एकवीसशे छप्पन्न."

"मी किती म्हटलं होतं?"

"सोळा मीटर."

"सोळाच आहेत," ते म्हणाले आणि हळूच खुर्चीत बसले. मग एकही दाणा सांडू न देता तळहातावरची वाळू पिशवीत ओतली आणि तोंड स्वतः बांधलं.

"तू ती शपथ माझ्यासमोर घेतली होतीस," ते म्हणाले. "आणि फेडत बसलास कुणाकडे?"

मी पिशवी उचलून त्यांच्यासमोर ठेवली.

"त्या दिवशी मी जेवलो नाही," ते म्हणाले. "ड्रिलरच्या खिशातला एक खजूर खाल्ला, तेवढाच. रात्री खाली गेलो तेव्हा सगळं संपलं होतं. काय होतं म्हणालास? कबुतरं?"

"भरलेली कबुतरं."

ते उठून स्वयंपाकघरात गेले. किटलीचं झाकण वाजलं, पाणी उकळायला लागलं. चहाचे दोन पेले घेऊन आले आणि एक माझ्यासमोर ठेवला. सूर्य अजून डोक्यावरही आला नव्हता.

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले, "पी. आणि हे रोजे बंद कर."

मी प्यालो.